स्टीम अवॉर्ड्समधलं बेस्ट साऊंडट्रॅक व्होटिंग: मत गेमला पडतं, ट्रॅकला नाही

हा रिव्ह्यू कुठल्या गेमचा नाहीये आणि सेलचापण नाहीये. दर डिसेंबरात स्टीमवर, म्हणजे पीसीचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, जे व्होटिंग चालतं त्यातल्या फक्त एका कॅटेगरीचा आहे, बेस्ट साऊंडट्रॅक. यावर वेगळं लिहावंसं वाटलं कारण गेमचं म्युझिक मनापासून ऐकणाऱ्या साध्या खेळणाऱ्या माणसाला मत टाकता येईल अशा मोठ्या जागा फार कमी आहेत. ग्रॅमीत २०२३ पासून गेमच्या स्कोअरसाठी, म्हणजे पार्श्वसंगीतासाठी, स्वतंत्र कॅटेगरी आली, पहिली ट्रॉफी स्टेफनी इकॉनॉमूला असॅसिन्स क्रीड वल्हालाच्या डॉन ऑफ रॅग्नारॉकसाठी मिळाली, छानच झालं, पण तिथे मतं टाकतात ते ग्रॅमी देणाऱ्या अकॅडमीचे मेंबर. द गेम अवॉर्ड्समध्ये ज्युरीचं वजन ९० टक्के आणि आपलं सगळ्यांचं मिळून १० टक्के. स्टीमवर ज्युरी वगैरे काही नाही, नॉमिनेशनपण आपलं आणि फायनलचं मतपण आपलंच, त्यामुळे या कॅटेगरीकडून माझ्या अपेक्षा जास्त आहेत आणि राग येतो तोपण त्यामुळेच.

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी पद्धत सांगतो. नोव्हेंबरच्या शेवटाला नॉमिनेशन उघडतं, प्रत्येक कॅटेगरीत तुम्ही एक गेम सुचवायचा, गेमच्या स्टोअर पेजवर बटण येतं ते दाबायचं आणि कॅटेगरी निवडायची की झालं. तुम्ही अलीकडे काय काय खेळलात ते स्टीमला माहीतच असतं त्यामुळे तेच गेम आधी समोर आणून देतं, शोधत बसावं लागत नाही. मग सगळ्यांच्या नॉमिनेशनमधून कॅटेगरीमागे पाच गेम फायनलला जातात, विंटर सेल लागला की त्या पाचांमध्ये व्होटिंग, आणि निकाल नवीन वर्षाच्या आसपास. पैसे लागत नाहीत, फॉर्म नाही, ओटीपी नाही. २००५ साली अभिजीत सावंत इंडियन आयडॉल झाला तेव्हा घराघरातून लोकांनी पैसे मोजून एसएमएस पाठवले होते, त्या मानाने हे फारच सोपं आहे. या भागाला माझ्याकडून पूर्ण मार्क.

नॉमिनेशनची पायरी तर मला फायनलपेक्षाही जास्त आवडते, कारण तिथे कोणी आधीच गाळून दिलेली यादी नसते, स्टीमवर त्या वर्षात आलेला कुठलाही गेम चालतो. दोनतीन जणांनी मिळून काढलेला छोटासा गेम आणि शेकडो लोकांच्या स्टुडिओचा गेम एकाच रांगेत उभे. २०२३ ची फायनल बघा ना, त्यात पिझ्झा टॉवर होता आणि हाय-फाय रशपण होता. दोन्ही त्या जानेवारीत एका दिवसाच्या अंतराने आले, २५ ला हाय-फाय रश आणि २६ ला पिझ्झा टॉवर. हाय-फाय रशमध्ये सगळी दुनियाच बीटवर हलते, हिरोची पावलं, मागचे दिवे, मशिनी, शत्रूचा हल्लापण, आणि तुम्ही बटण चुकीच्या वेळी दाबलं तरी तुमचा फटका बीटवरच बसतो त्यामुळे ज्याला तालाचं काही कळत नाही त्यालाही वाटतं की आपण वाजवतोय. पिझ्झा टॉवरची मजा वेगळी. लेव्हलच्या टोकाला जॉन नावाचा एक खांब फोडायचा असतो, तो फुटला की टायमर सुरू आणि आल्या वाटेने पळत सुटायचं, त्या क्षणाला इट्स पिझ्झा टाईम नावाचा ट्रॅक लागतो, मिस्टर सॉसमॅन या नावाने काम करणाऱ्या कंपोझरचा, आणि तो इतका पिसाळलेला आहे की हात आपोआप जोरात चालायला लागतात. हे दोन्ही गेम फायनलपर्यंत पोचले ते लोकांमुळे, ज्युरीने यांच्यातला पिझ्झा टॉवर कितपत उचलला असता मला शंका आहे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. मत गेमला पडतं, ट्रॅकला पडत नाही.

बटण दाबताना तुम्हाला कुठला ट्रॅक आवडला हे कोणी विचारतच नाही. टायटल स्क्रीनचा, गावातला, बॉस फाईटचा म्हणजे मोठ्या शत्रूशी लढतानाचा, की शेवटच्या क्रेडिट्सचा, काही नाही. हे म्हणजे थाळी आवडली एवढं लिहून घ्यायचं आणि आमटी आवडली की भरलं वांगं ते विचारायचंच नाही, मग स्वयंपाक करणाऱ्याला कळणार तरी काय. आणि गेमच्या म्युझिकमध्ये तर हा फरक प्रचंड असतो. क्लेअर ऑब्स्क्युअर एक्स्पिडिशन ३३ घ्या, २०२५ च्या स्टीम अवॉर्ड्समध्ये साऊंडट्रॅकचा मान त्यालाच मिळाला आणि माझंपण मत त्यालाच होतं. लॉरियाँ तेस्तार नावाच्या फ्रेंच कंपोझरचं हे पहिलंच गेमचं काम आणि अल्बममध्ये ट्रॅक किती, १५४! आठ तासांच्या वर म्युझिक आहे. त्यात ल्युमिएरसारखं शांत गाणं आहे, लढाईत अंगावर येणारे गिटारवाले ट्रॅक आहेत, अ‍ॅलिस ड्युपोर-पर्सिएचा आवाज आहे जो फ्रेंच न कळतापण आत कुठेतरी लागतो. या १५४ पैकी लोकांना नेमकं काय भावलं याची नोंद स्टीमकडे काहीच नाही, कारण त्यांनी विचारलंच नाही. लाखो लोक मत देतात आणि त्यातून एका गेमचं नाव सोडून दुसरी काहीही माहिती बाहेर पडत नाही.

शिवाय मत गेमला असल्यामुळे गेम आवडला की म्युझिकलापण मत, असं सरळ होऊन जातं. ज्याने गेम विकत घेतलाच नाही तोपण मत देऊ शकतो, पाच पोस्टर समोर असतात, त्यातलं ओळखीचं दिसलं त्यावर क्लिक. आता मतदान खुलं असावं हे मला पटतं, गेम विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही आणि म्युझिक यूट्यूबवर ऐकूनपण मत बनतंच की. पण मग निदान फायनलच्या पानावर पाचही गेमचा एकेक मिनिटाचा तुकडा ऐकायला ठेवायला काय हरकत होती? म्युझिकची कॅटेगरी आणि पानावर आवाजच नाही. ट्रेलर बघायला वेगळ्या पानावर जा, आणि ट्रेलरमध्ये बऱ्याचदा गेममधलं म्युझिक नसतंच, कुठलंतरी लायसन्स घेतलेलं गाणं असतं.

याचा परिणाम काय झाला ते मागचे विजेते बघून कळेल. २०१७ ला कपहेड, त्यावर वाद नाही, क्रिस्टोफर मॅडिगनचं ते जुन्या वळणाचं बिग बँड जॅझ नव्याने लिहून माणसांकडून वाजवून घेतलेलं. २०२० ला डूम इटर्नल. तिथे एक गंमत बघा, गेममध्ये ऐकू येणारं म्युझिक एकदम कडक पण अल्बम आला तेव्हा त्याच्या मिक्सिंगवरून त्याच वर्षी भरपूर वाद झाला, बरेचसे ट्रॅक कंपोझर मिक गॉर्डनने स्वतः मिक्स केलेले नव्हते. मग लोकांनी मत दिलं ते गेममध्ये वाजतं त्याला की अल्बमला? व्होटिंगमध्ये हा प्रश्नच नाही. आणि त्यानंतर २०२२, २०२३, २०२४ सलग तीन वर्षं जे जिंकले ते फायनल फँटसी सेव्हन रिमेक इंटरग्रेड, द लास्ट ऑफ अस पार्ट वन आणि रेड डेड रिडेम्प्शन. तिन्ही जुन्या गेमचे नवे अवतार किंवा पीसीवर उशिरा आलेले. सेव्हनच्या मूळ चाली नोबुओ उएमात्सूच्या, १९९७ च्या. लास्ट ऑफ अस मूळ २०१३ चा, गुस्ताव्हो सांताओलाल्लाचं म्युझिक. रेड डेड तर २०१० चा, पीसीवर आला ऑक्टोबर २०२४ ला. नियमात बसतं कारण स्टीमवर त्या वर्षी आला ना, मग झालं.

मी काय म्हणतोय ते नीट समजून घ्या, ही तिन्ही म्युझिकं थोर आहेत. रेड डेडचं तर मी किती ऐकलंय. बिल एल्म आणि वुडी जॅक्सन या दोघांनी बहुतेक सगळं म्युझिक एकाच स्केलमध्ये आणि एकाच वेगात रेकॉर्ड केलं, ए मायनर आणि १३० बीपीएम (मिनिटाला १३० ठोके), म्हणजे कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्यावर चढवला तरी बेसूर होत नाही. तुम्ही माळावर पायी चाललाय तेव्हा नुसता बेस आणि एखादी शिट्टी असते, घोड्यावर बसलात की खालून ठेका येतो, कोणी गोळी झाडली की ट्रम्पेट आणि गिटार चढतात, आणि लढाई संपली की एकेक थर गळून परत माळ. कुठे जोड दिसत नाही. हेडफोन लावून मुद्दाम घोड्यावर चढायचं उतरायचं करून बघा, तो ठेका आत येताना आणि बाहेर जाताना स्पष्ट कळतो. आणि मग नदी ओलांडून मेक्सिकोत गेल्यावर पहिल्यांदाच गायकाचा आवाज लागतो, होसे गोन्झालेसचं फार अवे, तुम्ही काही न करता नुसते घोडा चालवत राहता. ज्याने खेळलंय त्याला तो रस्ता विसरता येत नाही. मग याला मत का देऊ नये लोकांनी? द्यावंच. फक्त १४ वर्षं लोकांच्या कानात बसलेल्या म्युझिकसमोर त्या वर्षी पहिल्यांदा ऐकलेलं म्युझिक उभं करायचं आणि मोकळं मतदान घ्यायचं तर नवीन माणूस जिंकणार कधी. क्लेअर ऑब्स्क्युअर जिंकलं तेव्हा मला जास्त आनंद झाला तो त्यामुळे, कारण ते सगळं कोरं होतं, कोणाच्या लहानपणाची आठवण त्याला चिकटलेली नव्हती.

यावर उपाय अवघड नाहीये. जुन्या म्युझिकसाठी वेगळी कॅटेगरी करा. जुने गेम सांभाळत राहणाऱ्यांसाठी स्टीम अवॉर्ड्समध्ये लेबर ऑफ लव्ह ही कॅटेगरी आहेच की, तिथे आधीच्या वर्षांतले गेम चालतात, तसंच म्युझिकमध्ये करा.

आपल्याकडच्या गेमबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी, २०२० ला आला, द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या कॅटेगरीत नॉमिनेशनपण मिळालं. त्याचं म्युझिक लिनोस झेलोस या ग्रीक कंपोझरने केलंय आणि त्यात भारतीय वाद्यांबरोबर बाल्कन बाजूची वाद्यं आहेत, ऐकायला घेतलं की आधी वाटतं हे आपलंच आहे आणि मग मध्येच एखादं वळण असं येतं की अरे हे आपल्याकडचं नाही. मला ते मिश्रण फार आवडतं. स्टीमवर ऑक्टोबरात आला म्हणजे त्या वर्षीच्या नॉमिनेशनला पात्र होता, पण फायनलच्या पाचात नव्हता. २०२३ ला वेंबा, कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट, स्वयंपाक करताना रेडिओवर गाणी लागतात आणि काळ पुढे सरकतो तशी गाण्यांची स्टाईलपण बदलते, ऐंशीच्या दशकातलं वाटणारं गाणं, मग पुढचं. गेमचं म्युझिक म्हणून हे इतकं नेमकं काम आहे, आणि तोपण फायनलला नव्हता. गेम कमी लोकांनी खेळला की त्याचं म्युझिक कमी लोकांनी ऐकलं, हे गणित गेमला मत देण्याच्या पद्धतीत बदलणारच नाही. ट्रॅकला मत असतं तर दोन मिनिटांचा ट्रॅक कुणीही ऐकून ठरवू शकलं असतं, गेम खेळायची गरजच नाही.

आमच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये आम्ही वर्षअखेरीला हे आमच्यापुरतं करतो. प्रत्येकाने एक ट्रॅक टाकायचा, गेमचं नाव आधी सांगायचं नाही, नुसता ऑडिओ, आणि दोन ओळीत लिहायचं की गेममध्ये हा कुठे वाजतो. सगळ्यांनी ऐकायचं, मग मतं, स्वतःच्या ट्रॅकला मत द्यायचं नाही. यात जे होतं ते स्टीमवर कधीच होत नाही. एका मैत्रिणीने एकदा सेव्ह रूमचा, म्हणजे गेम सेव्ह करायच्या सुरक्षित खोलीचा, ट्रॅक टाकला, काही घडत नाही त्यात, चार सूर परत परत, आणि तिने लिहिलेलं की मागून राक्षस येत असतो आणि दार लावलं की हे लागतं. बस, सगळ्यांची मतं तिलाच. मी मस्त धडाकेबाज बॉस फाईट टाकली होती, तिला कोणी विचारलं नाही. कॉलेजातल्या एका पोराने तर विचारलं, "अरे हे कुठल्या गेमचं आहे, मला आत्ताच्या आत्ता खेळायचंय." व्होटिंगचा उपयोग हा असतो हो, चांगलं काहीतरी दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचवणं, नुसती ट्रॉफी कोणाला मिळाली त्याने काय होतं.

आणि चाहत्यांच्या मताला मोठ्या पातळीवर वजन मिळू शकतं याचं उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये क्लासिक एफएम नावाचं रेडिओ स्टेशन आहे, ते १९९६ पासून दरवर्षी श्रोत्यांकडून आवडत्या शास्त्रीय रचना मागवतात आणि ३०० ची क्रमवार यादी ईस्टरच्या सुट्टीत वाजवतात. २०१२ ला गेमच्या चाहत्यांनी जोर लावला आणि फायनल फँटसी सेव्हनमधलं एरिथ्स थीम थेट १६ व्या नंबरला, बेथोव्हन मोझार्टच्या रांगेत. पुढच्या वर्षी फायनल फँटसी तिसऱ्या नंबरला आणि कंपोझर जेरेमी सोलचं एल्डर स्क्रोल्स या गेम सीरिजचं म्युझिक पाचव्या. पण बघा, तिथेपण तेच झालं, एका वर्षात एरिथ्स थीम हे नाव गेलं आणि पूर्ण सीरिजची एक एंट्री झाली. बेथोव्हनच्या सिंफनी वेगवेगळ्या मोजायच्या आणि उएमात्सूचं अख्खं आयुष्यभराचं काम एका ओळीत, हे मला तेव्हाही खटकलं होतं आणि आजही खटकतं. तरी त्यांनी ३०० नंबर उघड सांगितले, कोण कितव्या नंबरला ते दिसतं. स्टीम फक्त विजेता सांगतं, बाकी चौघं कुठे राहिले, कोणाला किती मतं, फरक किती होता, काहीच नाही. लोकांकडून मत घेता तर आकडेपण लोकांना द्या.

बाकी छोट्या गोष्टी पटकन. नॉमिनेशनच्या आठवड्यात स्टीम प्रोफाइलवर दिसणारा बॅज मिळतो, कामं केली की त्याची लेव्हल वाढते, व्होटिंगला कार्ड किंवा स्टिकर असं काहीतरी मिळतं, ज्यांना आवड आहे त्यांना मजा येईल, मला फरक पडत नाही, उलट बॅजसाठी सगळ्या कॅटेगऱ्या भरायच्या म्हणून लोक म्युझिकमध्ये काहीही टाकून मोकळे होतात असं मला वाटतं. साऊंडट्रॅक विकत घ्यायची सोय मात्र स्टीमवर चांगली आहे, २०२० पासून गेम नसला तरी नुसता अल्बम घेता येतो, लायब्ररीत वेगळा दिसतो, किंमत रुपयात, सेलमध्ये बरेच अल्बम चहा-वडापावच्या खर्चात बसतात, आणि काही जण एमपीथ्रीबरोबर फ्लॅकपण (आवाजाची क्वालिटी कमी न होणारी फाईल) देतात. पण जिंकलेल्या गेमच्या नावाखाली त्याच्या अल्बमची लिंकसुद्धा ठळक दिसावी एवढंही कोणी बघितलेलं नाही, आणि कंपोझरचं नाव तर निकालाच्या पानावर शोधूनही सापडत नाही. म्युझिकचं बक्षीस आणि म्युझिक करणाऱ्याचं नाव नाही. ही एक गोष्ट तरी लगेच सुधारा.

रेटिंग द्यायचं तर नॉमिनेशनला ५ पैकी ४, फायनलच्या व्होटिंगला २.

आणि पुढच्या वेळी नॉमिनेशन कराल तेव्हा एक करा. बॅजच्या कामांमध्ये एक काम असतं की नॉमिनेट केलेल्या गेमचा रिव्ह्यू लिहा किंवा जुना रिव्ह्यू अपडेट करा. बहुतेक लोक तिथे एक शब्द टाकून निघून जातात. तुम्ही तिथे ट्रॅकचं नाव लिहा, तो गेममध्ये कुठे लागतो ते लिहा आणि कंपोझरचं नाव लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालतं. छोट्या गेमचे डेव्हलपर हे रिव्ह्यू स्वतः वाचतात, कित्येकदा खाली उत्तरपण देतात, म्हणजे व्होटिंगच्या पानावर जे लिहायला जागाच दिलेली नाही ते इथून तरी त्या माणसापर्यंत पोचू शकतं.